सुगडाचं शुभेच्छापत्र आणि कागदी महिरप

संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवायला माणूस समोर लागतो. तो लांब असेल तर पाकिटात हलव्याचे चार दाणे आणि दोन ओळी घालून पाठवायच्या, ही आपल्याकडची जुनी रीत. आता त्या जागी फोनवरची चित्रं आली आहेत. चित्र पोचतं, हलवा पोचत नाही. आमच्या भोर तालुक्यातल्या सारोळ्यात महामार्गालगतच्या घरांतलं कुणी ना कुणी पुण्याला नाहीतर मुंबईला असतंच. त्यांच्यासाठी हलव्याची पुडी मावेल असं कागदी सुगड लावलेलं पत्र घरी करावं, असं मला मनापासून वाटतं. त्याच कागदातून, त्याच कात्रीने सणाच्या ताटाभोवतीची महिरपही होते, म्हणून दोन्ही कृती एकत्र देते आहे.

कागदकामात लोक कात्रीपासून सुरुवात करतात. सुरुवात घडीपासून करायला हवी. घडी नीट बसली तर साधं कार्डही देखणं दिसतं, आणि घडीच तडकली तर वर कितीही टिकल्या लावा, ते झाकत नाही. घडी कुठे बसेल हे कागद ठरवतो, म्हणून आधी कागदाबद्दल.

कारखान्यात कागद यंत्रावर पुढे सरकत तयार होतो, त्यामुळे त्यातले बहुतेक तंतू एकाच दिशेने लागतात. याला ग्रेन म्हणतात. ग्रेनला समांतर घडी घातली की ती सरळ आणि गुळगुळीत बसते. आडवी घातली की तंतू मोडतात, कड पिंजते, जाड कार्डशीट असेल तर रंग फुटून आतला पांढरा दिसतो. ग्रेन ओळखायला एक जुनं वर्तमानपत्र घ्या आणि उभं फाडा. सरळ पट्टी निघेल. आता आडवं फाडा. फाट वेडीवाकडी पळेल. चांगला कागद फाडून बघायचा नसेल, तर तो न दुमडता तळहाताने हलकेच वाकवा, आधी लांबीत, मग रुंदीत. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, त्या बाजूची घडी ग्रेनला समांतर. एकदा हाताला सवय झाली की दुकानात उभ्या उभ्या कळतं.

हातकागदाला ही भानगड जवळजवळ नसते. तो चाळणीवर लगदा उचलून करतात, तंतू सगळीकडे विखुरतात, म्हणून कुठूनही दुमडा. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून १९४० साली ती सुरू झाली. सुती चिंध्यांपासूनचा हा कागद जरा महाग पडतो, पण सुगडासाठी एक तपकिरी ताव पुरतो आणि त्यावर मातीचा पोत आपोआप येतो. बाकीचं सामान गावात मिळतं. नाहीच मिळालं तर नीरेचा पूल ओलांडून शिरवळला मिळतं. पुण्याला जाणं होणार असेल तर अप्पा बळवंत चौक आणि बोहरी आळी या दोन ठिकाणी कागदाचे जितके रंग पाहाल तितके थोडे.

लागणारं सामान

दहा पत्रांसाठी २०० जीएसएमच्या कार्डशीटचे पाच ए-फोर कागद, हातकागदाचा एक ताव, बटर पेपर, स्टीलची पट्टी, शाई संपलेलं बॉलपेन, टोकदार लहान कात्री. महिरपीसाठी ५६ बाय ७१ सेंटिमीटरची मोठी कार्डशीट आणि ८० ते १०० जीएसएमचा रंगीत कागद. कटर असेल तर तो मोठ्यांच्या हातात, मुलांना गोल टोकाची कात्री. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतोच. त्यांचा कागद जाड आणि सुरेख असतो, तो जरूर वापरा. गणपतीचं चित्र असलेला भाग आधी अलगद कापून बाजूला ठेवा, कुणाचं मन दुखावत नाही. चमकी मात्र आणू नका. ती प्लास्टिकचीच असते, बोटांवरून फराळात जाते आणि कागद मातीत मिसळला तरी ती तशीच राहते.

डिंकाच्या बाटलीपेक्षा घरची खळ बरी. तीन चमचे मैदा पाव कप गार पाण्यात गुठळी न राहू देता कालवा. दुसरीकडे एक कप पाणी उकळत ठेवा, त्यात हे कालवण धार धरून सोडा आणि मंद आचेवर ढवळत राहा. दोन-तीन मिनिटांत पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवा. चिमूटभर तुरटीची पूड घाला. गार झाल्यावर गाळून घेतली तर ब्रशखाली खडे लागत नाहीत. थंडीत दोन-तीन दिवस टिकते. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, त्याने कीड लागत नाही, पण ते विषारी आहे. ज्या कार्डात खायचं ठेवायचं, त्याच्या जवळपासही ते नको.

पत्र

ए-फोर कागद मधोमध आडवा कापा, म्हणजे २१० बाय १४८ मिलिमीटरचे दोन तुकडे होतील. एक तुकडा एका पत्राचा. ए-फोरचा ग्रेन बहुधा लांबीत असतो, त्यामुळे या तुकड्याची मधली घडी ग्रेनला समांतरच येते. मापाची गंमत अशी की हा कागद कितीही वेळा मधे दुमडला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. म्हणून पत्र आणि पाकीट एकाच मापाच्या कागदांतून निघतं आणि चिंधी उरत नाही.

१. तुकड्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला १०५ मिलिमीटरवर पेन्सिलीची बारीक खूण करा. दोन्ही खुणांवर पट्टी ठेवून संपलेल्या बॉलपेनने एकच रेघ दाबून ओढा. खाली जुन्या वहीचा पुठ्ठा घ्या, फरशीवर रेघ खोल जात नाही.

२. आता घडी. रेघेची खाच बाहेरच्या अंगाला राहील आणि मागे उठलेली बारीक कड आत जाईल, अशी दुमडा. बरेचजण उलट दुमडतात. उठलेली कड आत गेली की तंतूंना जागा मिळते आणि बाहेरचा थर ताणला जाऊन फुटत नाही. घडीवरून चमच्याची पाठ एकदाच फिरवा. चार वेळा फिरवली तर तिथे चकाकी येते.

३. तपकिरी हातकागदावर सुगड काढा. पोट ८ सेंटिमीटर रुंद, उंची ७, तोंडाशी मान आवळलेली, वर बारीक काठ. अर्धं सुगड काढून कागद मधे दुमडून कापलं तर दोन्ही बाजू एकसारख्या येतात. एकदा जाड कागदाचा साचा केला की दहाही सुगडं त्यावरून.

४. सुगड सपाट चिकटवलं तर त्यात पुडी बसत नाही, बसली तरी कार्ड फुगतं. म्हणून तळाशी, मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटरचे दोन काप द्या आणि प्रत्येक कापाच्या कडा तीन मिलिमीटर एकमेकींवर सरकवून चिकटवा. ब्लाउजला टक्स घेतात तसं. सुगडाला पोट येतं. या एका गोष्टीने पत्राचं रूप बदलतं, म्हणून ती टाळू नका.

५. सुगडाच्या पाठीला दोन्ही बाजूंना आणि तळाला, कडेने चार मिलिमीटर एवढीच खळ लावा. तोंड उघडं. कार्डाच्या पुढच्या पानावर ते मधे न लावता डावीकडे खाली लावा. कारण टपालाचं आहे. तिकीट उजवीकडे वर असतं आणि पोस्टाचा शिक्का तिथे जोरात बसतो. हलवा त्या शिक्क्याखाली आला तर समोरच्याच्या हाती साखरेची पूड लागते.

६. खळ लावलेली सगळी पत्रं दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून वर जड पुस्तकं ठेवा, रात्रभर. ओला झालेला कागद तंतूंच्या आडव्या अंगाने फुगतो आणि सुकताना वळतो. वजनाखाली सुकला तर त्याला वळायला वावच राहत नाही.

मानेवर पांढऱ्या रंगाची बारीक वेलबुट्टी ओढा, टूथपिकच्या टोकाने ठिपके द्या. सुगडात असतात ते हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाचं कांडं, गाजराचा तुकडा रंगीत कागदातून कापून तोंडातून डोकावताना लावा. त्यातलं उसाचं कांडं हिरव्या-पिवळ्या कागदाची गुंडाळी करून लावलं तर छान उठून दिसतं. इथे थांबा. जास्तीचं काही लावायची गरज नाही.

आता पुडी. बटर पेपरचा ९ सेंटिमीटरचा चौकोन घ्या आणि कर्णावर दुमडून त्रिकोण करा, टोक वर, लांब बाजू खाली. डावं टोक समोरच्या उजव्या कडेवर असं आणा की वरची धार तळाला समांतर राहील. उजवं टोक त्यावरून डाव्या कडेवर. समोर एक छोटा कप तयार होतो. वरच्या दोन पाकळ्यांपैकी पुढची पाकळी बाहेरच्या खिशात खोचा. मधल्या पोकळीत काटेरी हलव्याचे आठ-दहा दाणे टाका. मागची पाकळी पुढे आणून त्याच खिशात खोचा. पुडी बंद. खळ नाही, टेप नाही, स्टेपलरची पिन तर मुळीच नाही, कारण ती लहान मुलाच्या तोंडात जाऊ शकते. ही पुडी वर सव्वापाच सेंटिमीटर रुंद आणि पावणेचार उंच होते, सुगडात अलगद बसते. हलवा भरायचा तो पत्र टाकायच्या दिवशी. आधी भरून ठेवला तर हवेतली ओल लागून दाणे एकमेकांना चिकटतात.

वजनाची काळजी नको. २०० जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागद २०० ग्रॅमचा. त्या हिशेबाने आपलं पत्र सव्वासहा ग्रॅम भरतं. साध्या कागदाचं पाकीट चार-पाच ग्रॅम, सुगड आणि हलवा धरून साधारण पंधरा ग्रॅम. टपालात साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो, त्यात हे बसतं. तरी पोस्टात वजन करूनच तिकीट लावा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात टाकलं तर मुंबई-पुण्याला वेळेत पोचतं. आत काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, फक्त शाईने लिहा आणि सुगड चिकटवायच्या आधी लिहा, पोटाच्या उंचवट्यावर हात टेकत नाही.

महिरप

ताटाभोवती रांगोळीची महिरप काढायला जमीन लागते. आता सणाचं जेवण बऱ्याच घरांत टेबलावर होतं, तिथे रांगोळी ताटात उडते. कागदाची महिरप दोन्हीकडे चालते, आणि रुखवताच्या टेबलावर मांडली तर बायका थांबून बघतात. राज्यात २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून गौरी-गणपतीच्या आरासेतही पुठ्ठा आणि कागद परत आला. गौरीपुढच्या फराळाच्या ताटांना हीच महिरप लहान करून लावता येते.

मोठं ताट ३० सेंटिमीटरचं धरून मापं देते. रंगीत पातळ कागदाचा ५० बाय २५ सेंटिमीटरचा तुकडा घ्या. लांब बाजूच्या मध्यबिंदूवर दोऱ्याचं एक टोक बोटाने दाबून धरा, दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधा. २५ सेंटिमीटर दोरा धरून एक अर्धवर्तुळ, मग दोरा आखडून १७ सेंटिमीटरवर दुसरं. बाहेरचं अर्धवर्तुळ कापून घ्या, आतलं अजून कापू नका.

अर्धवर्तुळ मधोमध दुमडा. परत मधोमध. परत मधोमध. आता हातात एक पाचर आहे, आठ पदरांची. पट्टी नाही, कोनमापक नाही, तरी आठही भाग तंतोतंत सारखे. कागदाच्या घडीतून भूमिती कशी शिकवता येते यावर मद्रासच्या टी. सुंदरराव यांनी १८९३ साली इंग्रजीत एक अख्खं पुस्तक लिहिलं, ते जगभर वाचलं गेलं. मुलांना हे काम द्याल तेव्हा कापायच्या आधी पाचर उलगडून कोन मोजायला सांगा. प्रत्येकी साडेबावीस अंश येतो. शाळेच्या वहीत न पटलेलं तिथे पटतं.

पाचर परत मिटा. आतल्या कमानीच्या रेघेवर कापून टोक काढून टाका. उरलेल्या पट्ट्यावर एक कोयरी काढा, तिची शेंडी एका घडीकडे झुकलेली. बाहेरची कड कमळाच्या पाकळीसारखी गोलसर. कोयरीच्या दोन्ही अंगांना घडीच्या कडेलगत निदान एक सेंटिमीटर कागद शिल्लक राहिलाच पाहिजे. महिरपीचे आठ भाग एकमेकांना धरून ठेवतात ते तेवढ्याच कागदाने. घडीची कड एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत कापली गेली तर उलगडल्यावर सुटे तुकडे हातात येतात.

आधी आतलं नक्षीकाम कापायचं, मग बाहेरची कड. आधीच कड कापली तर पाचर हातात धरायला जागा उरत नाही. कोयरीच्या पोटात कात्री घालायला भोक लागतं. त्यासाठी पोटाच्या मधोमध पाचर हलकी दुमडून छोटा काप द्या आणि तिथून कात्रीचं टोक आत सरकवा. कात्री एका जागी स्थिर ठेवून कागद फिरवायचा. वळणावर कात्री फिरवली की धार तुटक येते. आठ पदर जड वाटले तर तिसरी घडी घालू नका, चार पदरांतच कापा. मग महिरपीत चारच भाग येतील, प्रत्येकात दोन कोयऱ्या काढा.

हळूच उलगडा. कोयऱ्या जोडीजोडीने एकमेकींकडे तोंड करून आलेल्या दिसतील, कारण प्रत्येक घडी आरशासारखी प्रतिमा उलटवते. घड्यांच्या खुणा काढायला दोन कागदांमध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवा, वाफेची नको.

आता पाठ. कार्डशीटवर बाहेरून २६ आणि आतून १६ सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धं कडं काढा. एका मोठ्या कार्डशीटमधून अशी दोन निघतात. पाठीचा रंग नक्षीच्या भोकांतून दिसणार, म्हणून तो विचार करून घ्या. हळदी पिवळ्यावर गर्द लाल, नाहीतर चिंतामणी रंगावर पांढरा, हे माझे आवडते. नक्षीच्या मागे खळ थापू नका, स्पंजच्या तुकड्याने टिपकागदावर टिपत टिपत लावा, जास्तीची खळ भोकांतून बाहेर येते. दोन्ही कागदांचा ग्रेन एकाच दिशेने ठेवायचा. एक उभा, एक आडवा लागला तर दोघं वेगवेगळ्या बाजूंनी ओढतात आणि महिरप पापडासारखी वर उठते. मधल्या कोयऱ्यांपासून चिकटवायला घ्या आणि दोन्ही टोकांकडे सरकत जा. मग रात्रभर वजनाखाली.

संक्रांतीच्या सुमारास हे सगळं सहज सुकतं. भाद्रपदात तसं नाही. भोरच्या पश्चिमेला घाटाकडे पडतो तेवढा पाऊस सारोळ्यात पडत नाही, तरी गौरी-गणपतीत हवा ओली असतेच. त्या दिवसांत कागद आठ दिवस आधी आणून उघडा न ठेवता गाद्यांच्या घडीत सपाट ठेवा. खळ घट्ट करा, म्हणजे पाणी कमी जाईल, आणि सुकायला दोन रात्री द्या. चुलीशी किंवा गॅसशी धरून सुकवू नका, एका बाजूने सुकतो आणि वळतो.

मांडताना महिरपीची दोन टोकं ताटाच्या डाव्या-उजव्या अंगाला येतील अशी वरच्या बाजूने लावा. पंखा असेल तर दोन्ही टोकांवर एकेक सुपारी ठेवा. पाण्याचं भांडं महिरपीच्या बाहेर. समई आणि निरांजन हातभर लांब, याला अपवाद नको.

उजेड हवाच असेल तर कागदी कंदील करून आत बॅटरीचा दिवा ठेवा. रंगीत ए-फोर कागद लांबीत दुमडा. घडीच्या बाजूने दीड-दीड सेंटिमीटरवर काप देत चला, प्रत्येक काप समोरच्या कडेच्या दोन सेंटिमीटर आधी थांबवा. उलगडून नळी करा, कडा चिकटवा, वरून हलकं दाबा. पोट बाहेर येतं. आत वेगळ्या रंगाच्या कागदाची सरळ नळी सरकवली की कापांमधून दुसरा रंग दिसतो. शाळेतल्या पोरांना हा पाच मिनिटांत जमतो.

सण झाला की महिरपी वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये सपाट ठेवून ट्रंकेच्या तळाशी घाला. खळ मैद्याची, म्हणून कसर आणि झुरळं तिच्यावर येतात. मधे मधे वाळलेला कडुनिंबाचा पाला पसरा आणि पावसाळ्यानंतर एकदा काढून सावलीत वारं द्या. एखादी कोयरी सुटली असेल तर त्याच वेळी चिकटवून घ्या.